आधी गर्डर, मग चेन पुली: घरच्या वर्कशॉपमध्ये जड यंत्र उचलताना

भोसरीत जुना लेथ (धातू कातायचं यंत्र) घेतला की तो दारात येईपर्यंत हमखास अंधार पडतो. कंपनी सुटल्यावर व्यवहार होतो, मग छोटा हत्ती शोधायचा, मग हायवेची गर्दी. टेम्पोवाला खाली उतरतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "साहेब, उतरवणार कशाने?" मग सगळे वर बघायला लागतात. पोर्चच्या स्लॅबला झोपाळ्याची कडी असते. शेजारचे काका म्हणतात, "अहो, या कडीवर चार माणसं बसतात. हिला काय होतंय?"

या लेखातली सगळी धडपड त्या कडीला हात न लावण्यासाठी आहे. नव्याने वर्कशॉप मांडणारे बहुतेक जण आधी चेन पुली (हाताने साखळी ओढून वजन उचलायचं साधन) विकत घेतात आणि ती कशाला टांगायची ते नंतर ठरवतात. चांगली चेन पुली सहसा दगा देत नाही. दगा देतं ते तिच्या वरचं आणि तिच्या खालचं: ज्याला ती टांगली ते, आणि ज्याने वजन बांधलं ते. म्हणून क्रम उलटा करा. आधी वजन, मग उंची, मग आधार, आणि पुलीची खरेदी सगळ्यात शेवटी.

कडीचं एकदा स्पष्ट सांगून टाकतो. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, आणि तोही वरून, पसरलेला. लेथचे ६०० किलो एका कडीतून खाली ओढले जातात तेव्हा हिशोबच बदलतो. ती कडी कोणत्या सळीला, कशी अडकवली होती हे आज कुणालाच दिसत नाही. पंख्याच्या हुकाचा तर विचारही नको. पेठेतल्या वाड्यात राहत असाल तर सागवानी तुळई मधे कितीही दणकट दिसो, तिचं टोक भिंतीत गेलेलं असतं आणि ओल तिथेच मुरते. पत्र्याच्या शेडच्या अँगलच्या कैच्या पत्रा आणि वारा सांभाळायला केलेल्या असतात. वजन स्वतःच्या पायांवरून थेट जमिनीत गेलं पाहिजे, घराला त्याचा पत्ताही लागू नये.

वजन किती?

"असेल पाच-सहाशे किलो" हे वजन नाही. टेम्पो रिकामा असताना वजनकाट्यावर घ्या, माल भरल्यावर पुन्हा घ्या, दोन्ही पावत्या जपून ठेवा. भोसरी-चाकण पट्ट्यात काटा शोधावा लागत नाही. यंत्राच्या कॅटलॉगमध्ये वजन दिलेलं असतं, पण त्यात मोटार, स्टँड, चक धरलेलं आहे का ते बघा. एखादा भागच उचलायचा असेल तर हिशोब करता येतो. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एक मीटरचं वजन किलोत मिळतं. १०० मिमीचा बार म्हणजे मीटरला जवळपास ६२ किलो. प्लेटसाठी एक चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो. बीड पोलादापेक्षा थोडं हलकं, घन सेंटिमीटरला ७.२ ग्रॅमच्या आसपास.

पुढे सगळीकडे मी ६०० किलोचा लेथ धरून हिशोब करतो.

उंचीचं गणित

हे गणित बहुतेक जण करत नाहीत, आणि लेथ टेम्पोत असताना ते अंगावर येतं. धायरीतल्या माझ्या शेडची उंची दहा फूट, म्हणजे ३०५ सेंटिमीटर. वाटलं होतं, भरपूर आहे. जमिनीपासून मोजायला लागलो. टेम्पोचा हौदा ७५. लेथ हौद्यावरून सुटायला १० मोकळे. लेथच्या पायापासून बेडखाली (बेड म्हणजे लेथचा लांब आडवा सांगाडा) बेल्ट, म्हणजे वजन बांधायचा कापडी पट्टा, जिथे धरणार तिथपर्यंत ६५. बेल्टचा त्रिकोण ७०. चेन पुली पूर्ण आखडल्यावर वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत ४०. ट्रॉली, म्हणजे गर्डरवर चाकांनी सरकणारा भाग ज्याला पुली टांगतात, १५. गर्डरची स्वतःची उंची १५. बेरीज २९०. दहा फुटांच्या शेडमध्ये हातात राहिले १५ सेंटिमीटर.

यातला ७०चा आकडा महत्त्वाचा. बेल्टची दोन टोकं बेडला ८० सेंटिमीटर अंतरावर धरली आणि त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या ठेवल्या, तर हुक पकडीच्या ७० सेंटिमीटर वर येतो. पकड एक मीटर अंतरावर घेतली तर ८७ सेंटिमीटर लागतात आणि लेथ शेडमध्ये बसत नाही. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "बेल्ट आखूड करा, खाली बसेल." तो सल्ला ऐकू नका.

बेल्टच्या दोन पायांवर, म्हणजे हुकापासून पकडीपर्यंतच्या दोन बाजूंवर, ६०० किलो उभे टांगले तर प्रत्येक पायावर ३०० येतात. पाय जमिनीशी ६० अंशात तिरके असतील तर प्रत्येकी ३४६. ४५ अंशात ४२४. ३० अंशात प्रत्येक पायावर पूर्ण ६००. लेथ तोच, बेल्टवरचा ताण दुप्पट. शिवाय ३० अंशात दोन्ही पाय लेथला आतल्या बाजूने ५२० किलोने आवळतात, आणि मधे लीड स्क्रू किंवा फीड रॉड (बेडलगतचे लांब दांडे) आला तर तो वाकतो. वाकलेला लीड स्क्रू सरळ करणं हे लेथ विकत घेण्यापेक्षा कटकटीचं काम आहे. म्हणून नियम साधा ठेवा: दोन पकडींमधलं अंतर जेवढं, बेल्टचा प्रत्येक पाय किमान तेवढा लांब. ६० अंशाच्या खाली जायचंच नाही. उंची कमी पडत असेल तर टेम्पो खड्ड्यात उभा करा, हेडस्टॉक (लेथचं जड डोकं) वेगळा काढा, किंवा त्या दिवसापुरती हायड्रा (चाकांवरची क्रेन) भाड्याने आणून लेथ शेडच्या दारात जमिनीवर ठेवून घ्या आणि आत पाइपच्या रुळांवरून न्या. यात कमीपणा काही नाही. एकदाच उचलायचं असेल तर माझं मत हायड्राच्याच बाजूने आहे. घरी हॉइस्ट तेव्हाच बसवावा जेव्हा दर आठवड्याला चक, व्हाइस, डाय किंवा इंजिन वर-खाली करायचं असतं.

आधार: तिपाई की गॅन्ट्री

बोअरची मोटार काढायला येणारे लोक तिपाई आणतात, ती तुम्ही पाहिली असेल. सरळ वर, सरळ खाली, एवढ्यासाठी ती उत्तम. पण तिचे पाय बाहेर फाकू बघतात, आणि शहाबादी फरशीवर लोखंडी टोकं निसटतात. तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा, टोकाखाली फळ्या द्या. हुक तिन्ही पायांच्या मधोमध राहिला पाहिजे. वजन बाजूला ओढायला सुरुवात केली की तिपाई कलते.

शेडमध्ये मला गॅन्ट्री पटते: दोन्ही बाजूंना इंग्रजी A च्या आकाराचे पाय, वर आडवा आय-सेक्शन गर्डर. दोन पायांमधल्या तीन मीटरच्या अंतराला आयएसएमबी १५० (१५० मिमी उंचीचा आय-सेक्शन) घ्या. मीटरला १५ किलोच्या आसपास भरतो. गर्डरच्या बरोबर मधे ६०० किलो आणि उचलतानाच्या धक्क्यासाठी वर २५ टक्के धरले, तरी त्यातला ताण ६० मेगापास्कलच्या आत राहतो, आणि साध्या स्ट्रक्चरल स्टीलची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा, २५० असते. झोल येतो तीन मिलिमीटरच्या आत. पण हा हिशोब गर्डरच्या वाकण्यापुरताच आहे. पाय, त्यांच्या तिरक्या पट्ट्या, जोडाच्या प्लेटा, बोल्ट हे सगळं एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा तपासून घ्या. लेथच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही. फॅब्रिकेटरला सांगा: जोडाचे बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर तो आकडा छापलेलाच हवा. गर्डरच्या दोन्ही टोकांना स्टॉपर, नाहीतर ट्रॉली एका बेसावध क्षणी बाहेर निघून येते. ट्रॉलीची चाकं गर्डरच्या पाखांच्या रुंदीला वॉशर घालून जुळवायची असतात. ते काम स्वतः करा आणि नट घट्ट झाल्यावर ट्रॉली हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा.

पायांना चाकं लावणार असाल तर फरशीचा विचार करा. शहाबादीखाली पोकळी असते आणि चाकाचा भार बोटाएवढ्या जागेवर येतो. मी चाकं फक्त रिकामी गॅन्ट्री सरकवायला वापरतो. वजन घेण्याआधी पायांखालचे जॅक स्क्रू खाली सोडून १० मिमीच्या प्लेटांवर टेकवतो.

पाण्याचे ड्रम

गॅन्ट्री तयार झाली की लेथ हा तिचा पहिला भार नसावा. यासाठी पाण्यासारखी सोय नाही. अँगलच्या चौकटीवर २०० लिटरचे चार रिकामे ड्रम दोन-दोन करून ठेवले. चौकट चारही कोपऱ्यांना धरून जमिनीपासून फक्त पाच सेंटिमीटर उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले, आणि मग नळाचा पाइप एकेका ड्रममध्ये आळीपाळीने सोडला. प्रत्येक ड्रममध्ये १६० लिटर गेलं की पाणी, ड्रम आणि चौकट मिळून ७५० किलो होतात, म्हणजे ६००च्या सव्वापट. भार एकदम न येता तांब्या-तांब्याने वाढतो, आणि तुम्हाला बघायला वेळ मिळतो.

बघायचं काय, तर गर्डरच्या बाजूने दोन टोकांना बांधलेली ताणलेली दोरी. मधे खडूने खूण करा आणि झोल किती येतो ते पट्टीने मोजा. वेल्डजवळचा रंग तडकतो का, पाय बाहेर सरकतात का, बोल्टजवळ करकर ऐकू येते का. अर्धा तास तसंच टांगून ठेवा. पाणी काढल्यावर खूण दोरीला पुन्हा पहिल्या जागी भेटली पाहिजे. एक मिलिमीटरही मागे राहिला तर गॅन्ट्री फॅब्रिकेटरकडे परत.

आता चेन पुली

६०० किलोच्या कामाला एक टनाची. भाराच्या दीडपट तरी क्षमता हवी, पण तीन टनांची घेऊन उपयोग नाही. ती जड असते, जागा खाते आणि हळू चालते. हाताने चालणाऱ्या चेन पुलीसाठी भारतीय मानक आयएस ३८३२ आहे. बिलाबरोबर चाचणीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा क्रमांक पुलीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. वर आणि खाली, दोन्ही हुकांना स्प्रिंगची लॅच हवी.

एक टन एक मीटर वर न्यायला हातसाखळी तीस-चाळीस मीटर ओढावी लागते. हे वेळखाऊ वाटतं, पण जड यंत्र बेडवर केसाएवढं अलगद बसवायचं असतं तेव्हा हाच संथपणा कामाला येतो. साखळी सोडली की वजन तिथेच थांबतं, कारण आत घर्षणाच्या चकत्या आणि रॅचेट आहेत. त्या चकत्यांवर तेल जाता कामा नये. भारसाखळीला हलकं तेल लावायचं, डब्याच्या आत कधीच नाही.

लिव्हरची पुली आडवं ओढायला, यंत्र जागेवर सरकवायला छान. एकच काही घ्यायचं असेल तर चेन पुली आधी, लिव्हर नंतर.

सिंगल फेजवर चालणारा छोटा इलेक्ट्रिक हॉइस्ट पाहून मोह होतो. त्याच्या प्लेटवर २००/४०० असे दोन आकडे असतात. मोठा आकडा वायर दुहेरी घेतली तरच खरा, आणि तेव्हा उचल आणि वेग दोन्ही निम्मे होतात. मोटार सलग चालवायची नसते. प्लेटवर चालू-बंद वेळेचं प्रमाण दिलेलं असतं. बटण दाबलं की तो धक्क्याने सुटतो. लाकडाचे ओंडके, पोती यासाठी ठीक. लेथसाठी मी तो वापरणार नाही. घडीच्या इंजिन क्रेनचंही तसंच: 'दोन टन' हे बूम पूर्ण आखूड असतानाचं. बूम शेवटच्या भोकापर्यंत बाहेर काढला की बऱ्याच क्रेनवर तीच क्षमता ५०० किलोवर येते. बूमवरच्या खुणा वाचा.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी खूप काही मिळतं. पाइप, पहार, लाकडी ठोकळे, जाड फळ्या तिथून खुशाल घ्या. हुक, साखळी, बेल्ट, शॅकल (पिनने बंद होणारी कडी) मात्र नवेच घ्या. जुन्या हुकाने आयुष्यात काय सोसलं ते त्याच्याकडे बघून कळत नाही.

बांधणी

बेल्टला रंगाची भाषा असते: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. हा आकडा सरळ उभ्या ओढीचा. फास घालून ओढलात तर त्याच्या ८० टक्केच धरा. लेबल फाटलं असेल तर बेल्ट बाद. गाठ मारून लांबी कमी करायची नाही.

धारेबद्दल मी स्वतः शिकलो ते सांगतो. दीडशे किलोच्या आसपासची बिडाची सरफेस प्लेट उचलत होतो. जांभळा बेल्ट, क्षमता सहापटीहून जास्त, म्हणून निर्धास्त होतो. प्लेटची मशीन केलेली कड हाताला नुसती थंड आणि गुळगुळीत लागत होती. प्लेट वर गेली, मी तिला हलकेच वळवायला गेलो, आणि कापड फाडल्यासारखा टर्रकन आवाज आला. कडेवर बेल्ट सरकला होता आणि सुरीने कापावा तसा कापला गेला. खाली चार इंचांवर ठोकळे रचलेले होते, प्लेट त्यांवर पडली आणि थांबली. माझे पाय ठोकळ्यांच्या बाहेर होते. तेव्हापासून प्रत्येक कडेवर चिरलेला जाड रबरी होज नाहीतर लाकडाची पट्टी असते, आणि वजन जसजसं वर जातं तसतसे ठोकळेही वाढतात.

आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) वापरणार असाल तर घडवलेलाच, खांदा असलेला, खांदा पृष्ठभागाला पूर्ण टेकेपर्यंत बसवलेला. सळई वाकवून केलेली कडी चालणार नाही. घडवलेल्या एम१२ ला सरळ ओढीत ३४० किलो, एम१६ ला ७००, एम२० ला १,२००. तिरक्या ओढीत हे आकडे खूप खाली येतात. शॅकलचा पिन पूर्ण आत गेला पाहिजे. त्या जागी साधा बोल्ट घालू नका. आणि भारसाखळीच यंत्राभोवती गुंडाळून हुक तिच्यात अडकवणं, हे दिसलं की काम तिथेच थांबवा.

लेथचं डोकं जड असतं. म्हणून पकड हेडस्टॉककडे जास्त सरकलेली हवी. टेलस्टॉक आणि सॅडल, म्हणजे बेडवर सरकणारे भाग, ही तुमची तराजूची वजनं: लेथ जरा उचला, कोणती बाजू आधी सुटते ते बघा, खाली ठेवा, सॅडल सरकवा, घट्ट करा, पुन्हा बघा. मला पहिल्या वेळी हे पाच वेळा करावं लागलं. तो वेळ वाया गेलेला नसतो.

उचलताना

हुक वजनाच्या बरोबर वर आणा. तिरकं ओढून सरळ करू म्हणालात तर सुटताक्षणी वजन झोका घेतं. साखळीला पीळ नाही ना ते खालपासून वरपर्यंत बोटाने तपासा. दोन पदरी पुलीत खालचा हुक उलटा फिरून पीळ पडतो आणि तो सहज नजरेतून सुटतो. हुकाच्या टोकावर नाही, खोबणीत भार बसला पाहिजे. लॅच बंद.

मग दोन बोटं वर. थांबा. दोन मिनिटं काहीही करू नका, फक्त बघा आणि ऐका. हे झालं की पुढचं उचला, आणि लेथला दोरी बांधून एकाने लांबून धरा, म्हणजे फिरवायला हात लावावा लागत नाही. सांगणारा एकच माणूस. "थांबा" मात्र कुणीही म्हणू शकतं, आणि म्हटलं की थांबायचं. मुलं घरात, चपला काढून जाड बूट, लेथखाली हात किंवा पाय कधीच नाही. बोल्टचं भोक जुळवायचं असेल तर पहारेच्या टोकाने जुळवा. हातसाखळी एका माणसाने सहज ओढता आली पाहिजे. दोघांना लोंबकळावं लागत असेल तर भार जास्त आहे किंवा काहीतरी अडकलं आहे.

टेम्पो लेथखालून बाहेर काढायचा, लेथ गॅन्ट्रीसकट पुढे ढकलायचा नाही. गर्डरवर ट्रॉली सरकवताना वजन जमिनीपासून वीतभरच असू द्या.

निगा

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ नुसार कारखान्यातली उचल-साधनं, साखळ्या, दोर दर १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागत आणि त्यांवर लिहिलेल्या सुरक्षित भारापेक्षा जास्त उचलता येत नसे. आपली घरची शेड कारखाना नसली तरी मी हाच ठोका पाळतो. मेमध्ये, पावसाच्या आधी.

नवी पुली आणली त्याच दिवशी हुकाच्या तोंडाचं माप आणि भारसाखळीच्या ११ कड्यांची लांबी व्हर्नियरने आणि पट्टीने घेऊन शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. दरवर्षी त्याच खाली नवं माप लिहा. तोंड उघडायला लागलं तर हुक कधीतरी जास्त भाराखाली गेला आहे. हुक ठोकून सरळ करणं किंवा त्यावर वेल्ड मारणं बंद. पावसाळ्यात साखळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि बेल्ट उन्हापासून लांब, खुंटीवर सैल टांगलेले.